विमानआण्णांची मेंढरं

माझ्या दुकानात वस्तू खोक्यातून येतात, पिशवीतून येतात, एकदा एक लॅपटॉप बाळाच्या दुपट्यात गुंडाळून आला होता. घोंगडीतून वस्तू आणणारं गिऱ्हाईक मात्र एकच. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे एका सकाळी वडूजच्या एसटीतून उतरून एक उंच, काटकुळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ खांद्यावर काळ्या घोंगडीचं गाठोडं घेऊन आले आणि त्यांनी ते काउंटरवर इतक्या जपून ठेवलं, की आत कोकरू असावं असं मला वाटलं. आत मॉनिटर होता.

"काका, असल्या वस्तू घोंगडीत गुंडाळू नयेत," मी म्हटलं. "लोकरीनं वीज तयार होते. आतला एखादा भाग जळायचा."

"बापाची घोंगडी हाय," ते म्हणाले. "हिच्यात गुंडाळलेलं आजवर काय फुटलं न्हाई."

मी शहाणपणा शिकवायला गेले आणि घोंगडीची गाठ सोडायला लागले. आमची ओळख झाली ती अशी. मॉनिटरच्या आतला एक भाग खरंच फुगला होता, तो मी बदलून दिला. त्यांनी खिशातून वही काढली, त्यात काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवली. सही कर म्हणाले. बिलावर सही मागणारे पुष्कळ भेटले होते. दुरुस्तीवर माझी सही मागणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

गाव त्यांना विमानआण्णा म्हणायचं. वडूजच्या पुढे, कोरडवाहू पट्ट्यात, एका बोडक्या टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं गाव. घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. आण्णा मात्र अठराव्या वर्षी हवाई दलात गेले आणि तीस वर्षं विमानांची अंगं तपासत राहिले. पत्र्याला चीर गेली आहे का, पंखाचा रिवेट सैल झालाय का, हे बघायचं आणि मग विमान वैमानिकाच्या ताब्यात द्यायचं. स्वतः त्यांनी कधी विमान चालवलं नाही. गावाला हा बारकावा ठाऊक नव्हता आणि गावाची समजूत दुरुस्त करण्याच्या भानगडीत आण्णा पडले नव्हते.

निवृत्त झाल्यावर त्यांनी वैरणीच्या खोलीला पांढरा रंग दिला आणि तिथे कॉम्प्युटर मांडला. त्यावर ते विमान चालवायचे. पडद्यावर खऱ्यासारखं कॉकपिट, खऱ्यासारखी हवा, हातात खरीखुरी दांडी. मी पहिल्यांदा त्याला 'गेम' म्हटलं, तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. नंतर मी तो शब्द वापरला नाही.

ती वही हे आण्णांचं खरं रूप. तीन रकाने : तक्रार, उपाय, सही. "बिघडलंय" हा शब्द त्यांना चालायचा नाही. "बिघडलंय म्हंजे काय? कुठं, कवा, किती येळा, ते सांग. आदी लिवायचं, मग हात लावायचा," असं ते मला ऐकवायचे. मी आयुष्यभर आधी हात लावून मग विचार करणारी बाई. माझ्या दुकानात पाना शोधायला अर्धा तास लागतो. त्यांच्या धाकाने मीही एक वही घातली आणि खोटं कशाला बोलू, तिसऱ्या आठवड्यात ती हरवली.

प्रोसेसर बदलायचा विषय त्यांनी काढला, तोसुद्धा वहीतूनच काढला. आमच्या धंद्यात लोक येतात ते "नवीन काय आलंय ते टाका" म्हणत. आण्णा तीन महिन्यांची नोंद घेऊन आले. कऱ्हाडच्या धावपट्टीवरून उडालं की चित्र लोण्यासारखं चालतं. पुसेसावळीपर्यंत ठीक. मग गावाची टेकडी समोर आली की चित्र थांबतं, चार-पाच सेकंद तसंच राहतं, आणि पुन्हा सुरू होतं तेव्हा टेकडी मागे गेलेली असते. अशा छत्तीस नोंदी. प्रत्येक नोंदीपुढे उंची आणि वेग.

"पुन्यावरनं जातोय तर काय न्हाई," ते म्हणाले. "एवढं मोठं पुनं. आन्‌ आमच्या दीडशे घरांवर अडकतंय."

त्यांनी पेनड्राइव्हवर आणलेली फाइल मी उघडून बघितली आणि कपाळाला हात लावला. आण्णांनी त्या कॉम्प्युटरात आपलं गाव स्वतः रचलं होतं. दोन वर्षं खपून. प्रत्येक घर, मारुतीचं देऊळ, ओढ्याकाठच्या बाभळी, पाण्याची टाकी. आता टेकडीवर पवनचक्क्या आहेत, त्या मात्र घातल्या नव्हत्या. गाव त्यांच्या लहानपणचं होतं. आणि टेकडीच्या उतरणीवर एकशेवीस मेंढरं होती. नुसती चित्रासारखी उभी नाहीत, चरणारी. एक पुढे जायचं, दुसरं मान वर करायचं, कोकरू आईच्या मागे धावायचं. एकशेवीस मेंढरांनी पुढचं पाऊल कुठे टाकायचं, हे क्षणाक्षणाला ठरवायचं काम प्रोसेसरचं. त्यात अशा प्रोग्रॅमचा एक आडमुठेपणा असतो. प्रोसेसरमध्ये कामाला आठ गडी असले तरी बहुतेक भार एकाच गड्यावर पडतो, बाकीचे विडी ओढत बसतात. तो एक गडी टेकडीपाशी आला की धापा टाकायचा.

"आण्णा, मेंढरं काढून टाका. उद्याच चालेल."

"न्हाई."

"मग निम्मी करा. नाहीतर नुसती उभी ठेवा, हलती नकोत."

"उबं मेंढरू कवा बघितलंयस, पोरी? उबं ऱ्हातंय ते आजारी आसतंय."

"बरं, मेंढरं आली की चित्र थांबवून बघून घ्या ना."

"उडतं इमान हवेत थांबतंय व्हय?"

मग चहा मागवला आणि आण्णांनी, माझ्याकडे न बघता, काउंटरवरच्या स्क्रूड्रायव्हरांची उंचीप्रमाणे ओळ लावत, कारण सांगितलं. ते सुट्टीवर घरी आले की वडील टेकडीवर त्यांना एकच गोष्ट विचारायचे. "तू वरनं जातोस तवा आपली मेंढरं दिसत्यात का रं?" वडिलांनाही वाटायचं, पोरगं विमान चालवतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा आण्णा एकोणीस वर्षांचे होते. त्यांनी "व्हय, दिसत्यात की" म्हणून सांगून टाकलं. मग दर सुट्टीला तेच. आपल्या गावावरून ते एकदाही उडाले नव्हते. वडील गेले त्या वर्षीसुद्धा त्यांनी विचारलं होतं आणि आण्णांनी तेच उत्तर दिलं होतं.

"मला बघायचंय, दिसत्यात का," ते म्हणाले. "तेवढ्यासाठी हे समदं मांडलंय."

सव्वापाच फुटांची मी बाई, त्या दिवशी काउंटरमागे अजून थोडी लहान झाले. मेंढरं काढायची गोष्ट मी परत कधी काढली नाही.

आता राहिला प्रश्न कोणता प्रोसेसर आणि कधी. इथे माझी विद्या सुरू झाली, आणि माझी चूकही. त्यांच्या मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या पाटीवर, बसेल असा शेवटचा चांगला प्रोसेसर बाजारात होता. त्याच्या पोटात साठवण जास्त, अशा कामाला तोच लागतो. पण त्या बोर्डाची पिढी संपत आली होती, पुढचे प्रोसेसर त्यावर बसणार नव्हते. नवी पिढी यायची होती, आणि जास्त साठवणीचा प्रकार तिच्याही मागून काही महिन्यांनी यायचा होता. आत्ता जुन्यावर खर्च करायचा, की थांबून सगळंच नवं घ्यायचं? मी छातीठोकपणे सांगितलं, थांबा. मरणपंथाला लागलेल्या बोर्डावर चांगला प्रोसेसर घालणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं.

आण्णांनी वही काढली. तक्रार : टेकडीवर चित्र थांबते. उपाय : नवीन येईपर्यंत थांबावे. सही. मी झोकात सही केली.

हवाई दलात, ते म्हणायचे, ज्याची सही त्याचा शब्द, मग साहेब असला तरी मधे बोलत नाही. तो नियम त्यांनी मलाही लावला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फोन यायचा. "आला का गं?" मी म्हणायचे, "नाही आण्णा, पुढचा येतोय." "बरं," म्हणून ठेवून द्यायचे. तो आमचा खेळच झाला. दुकानातला प्रत्येकजण ते वाक्य एकमेकांना म्हणायला लागला. जेवणाचा डबा उशिरा आला तरी पुढचा येतोय.

त्या काळात आण्णा दोनदा मॉनिटर घेऊन आले, घोंगडीतूनच. पहिल्यांदा वहीत लिहिलं होतं : डाव्या कडेचे चित्र नीट उमटत नाही. मी दिवसभर मॉनिटर चालू ठेवला, पांढरा पडदा, काळा पडदा, लाल, हिरवा. कडेचा एक ठिपकासुद्धा मेलेला नव्हता. परत पाठवला. चार महिन्यांनी पुन्हा : दोन्ही कडा. पुन्हा तपासला, पुन्हा काही नाही. मी हसले. म्हटलं, "आण्णा, मॉनिटरला एसटीतून फिरायची हौस आलीय. मेंढ्यांसारखा त्यालाही चारायला आणता काय?" तेही हसले. जाताना दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागला. चौकट रुंद आहे, कपाटं जातात त्यातून. मी ते पाहिलं आणि माझ्या कामाला लागले.

मला आजही त्या चौकटीचा राग येतो. म्हणजे माझाच. मॉनिटर शाबूत आहे असं दोनदा स्वतःच्या हाताने लिहून दिल्यावर पुढचा प्रश्न पाचवीतल्या पोराला सुचला असता. जो माणूस दुसऱ्यांच्या विमानाला केसाएवढी चीर गेली तरी लिहून ठेवायचा, त्याने स्वतःच्या डोळ्यांचा दोष मॉनिटरच्या नावावर मांडला होता. तो खोटं बोलत नव्हता. तक्रार यंत्राची असते, माणसाची नसते, असंच त्याला तीस वर्षं शिकवलं होतं.

नवी पिढी आली. जास्त साठवणीचा प्रकार लांबला. आला तेव्हा मिळेना. आण्णांचा एक सोमवार चुकला आणि त्यानंतरच्या बुधवारी ते स्वतः आले. यावेळी गाठोडं नव्हतं. बरोबर काकी होत्या, म्हणजे त्यांच्या पत्नी. ठेंगण्या, नऊवारीतल्या, हातात कापडी पिशवी. त्या आण्णांच्या अर्धं पाऊल पुढे चालत होत्या.

"आता थांबायचं न्हाई," आण्णा म्हणाले. "हाय त्यो दे."

आणि मी काय करावं? मी भाषण सुरू केलं. आता इतकं थांबलात, अजून दोन महिने, बुकिंगमध्ये आपला नंबर वरचा आहे, वगैरे. आण्णा शांतपणे ऐकत होते. काकींना राहवलं नाही.

"आगं बाई, सांगलीच्या डाक्टरकडनं आलोय आमी," त्या म्हणाल्या. "काचबिंदू हाय म्हणं. कडेचं गेलंय. गेलेलं परत येत न्हाई आन्‌ मधलं किती दिस ऱ्हाईल ते सांगता येत न्हाई म्हनला."

दुकानात त्या वेळी प्रिंटर चालू होता. मी आधी तो बंद केला.

"आण्णा, तुम्ही सांगायचं नाही का? मी कशाला थांबवलं असतं?"

"तुला कुठं ठावं होतं," आण्णा म्हणाले. "मला तरी कुठं ठावं होतं? मॉनिटरच वाटला की मला."

तो जुन्या बोर्डावर बसणारा प्रोसेसर माझ्याच कपाटात होता. दुसऱ्या खणात. वर्षभर तिथेच होता. मी रोज त्या खणातून केबली काढायचे.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी पहिल्या एसटीने त्यांच्या गावाला गेले. वैरणीच्या खोलीला एकच खिडकी, आणि खिडकीत खरी टेकडी. पवनचक्क्या फिरत होत्या, मेंढरू एक नव्हतं. मी जमिनीवर बसून कॉम्प्युटर उघडला. आण्णांनी आतली धूळ इतकी नियमाने काढलेली होती की फुंकर मारायची गरज पडली नाही. जुना प्रोसेसर काढला, नवा बसवला, पंख्याखाली उष्णता वाहून नेणारं मलम लावलं. आण्णा शेजारी उभे राहून बॅटरी धरत होते. उजेड बरोबर जागी पडत नव्हता, त्याबद्दल मी काही म्हटलं नाही. मधेच काकींनी त्यांच्या हातातली बॅटरी काढून घेतली आणि स्वतः धरली.

अकराच्या सुमाराला आण्णा खुर्चीत बसले. त्यांनी पट्टा बांधला. खुर्चीला खरंच पट्टा होता, जुन्या जीपचा. कऱ्हाडच्या धावपट्टीवरून विमान सुटलं. आकडे त्यांना वाचता येत होते, समोरचं मधलं दिसत होतं. हात इतके स्थिर, की डोळ्यांचं काही झालंय हे कुणाला पटलं नसतं. पुसेसावळी गेली. ओढा आला. काकी त्यांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. मी कोपऱ्यात, हातात स्क्रूड्रायव्हर घट्ट धरून. 

टेकडी आली. चित्र थांबलं नाही.

ते सरकत राहिलं, सलग, एकही धक्का न बसता. पिवळं गवत, उतरण, आणि उतरणीवर ती पसरलेली मेंढरं, काळी, पांढरी, तांबूस, चरणारी. मला दिसली, काकींना दिसली. आण्णा समोर बघत होते आणि मेंढरं डाव्या अंगाला होती, त्यांच्या नजरेच्या बाहेर.

"आवं, डावीकडं," काकी म्हणाल्या. "खाली. आजून खाली. ती बगा की."

आण्णांनी मान वळवली. आधी जास्त वळवली, मग थोडी परत आणली, जसं आपण अंधारात बटण शोधतो. विमान पुढे जातच होतं. ते हवेत थांबत नाही, हे त्यांचंच म्हणणं. मग त्यांची मान एका जागी स्थिर झाली. क्षणभरच. टेकडी पंखाखाली गेली.

खोलीत नुसता इंजिनाचा आवाज. 

"किती दिसली?" काकींनी विचारलं.

"चार," आण्णा म्हणाले. "तुला?"

"मला समदी दिसली."

आण्णांनी विमान थोडं वर घेतलं, सरळ केलं. मग म्हणाले, "चार दिसली म्हंजे दिसत्यात. बापाला खोटं न्हवतं सांगितलं मी."

काकींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी खिडकीतून बाहेर बघत बसले, कारण मला रडायला येत होतं आणि त्या खोलीत ते करायचा मान माझा नव्हता. वर्षभरापूर्वी एकशेवीस दिसली असती. हे मी त्यांना म्हटलं, उतरल्यावर, जेवायला बसलो तेव्हा. माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकून ते म्हणाले, "तू खोटी सही केली न्हाईस. तुला जे वाटलं त्यावर केलीस. चुकलं ते चुकलं. जेव." त्यांच्या भाषेत ती माफी होती की नोंद, मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर आण्णा दीड वर्ष त्या टेकडीवरून उडत होते. काकी मागे उभ्या राहून सांगायच्या, आणि हळूहळू त्यांचंच सांगणं जास्त व्हायला लागलं. देऊळ गेलं, टाकी आली, आता मेंढरं, आता डावीकडं. शेवटी शेवटी तर डोळे मिटून उडवायचे म्हणे, आणि काकींनी टेकडी सांगायला जरा उशीर केला तर रागवायचे. गेल्या उन्हाळ्यात दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

तेराव्यानंतर काकी दुकानात आल्या. काउंटरवर घोंगडीचं गाठोडं ठेवलं. मला वाटलं मॉनिटर असेल. आत ती वही होती. एवढ्याशा वहीला एवढी मोठी घोंगडी. "हे तुला द्यायचं म्हनले होते," त्या म्हणाल्या. कॉम्प्युटर मात्र त्यांनी ठेवून घेतलाय. बटण कुठलं दाबायचं तेवढं मला विचारून गेल्या.

वहीत माझ्या त्या झोकदार सहीखाली, प्रोसेसर बसवला त्या दिवसाची नोंद आहे. अक्षर ओळीच्या बाहेर गेलेलं. तक्रार : नाही. उपायाच्या रकान्यात : चार दिसली. सहीची जागा मोकळी होती. त्यांनी ती माझ्यासाठी ठेवली होती की विसरले, कोण जाणे. मी सही केलेली नाही.

वही काउंटरच्या खणात असते आणि ही वही हरवलेली नाही. अजूनही दर आठवड्याला कुणीतरी येऊन विचारतं, आत्ता घेऊ की पुढच्याला थांबू? उत्तर मला तोंडपाठ आहे, पिढ्या, सॉकेट, महिने, सगळं. पण ते देण्याआधी मी आता गिऱ्हाइकाला खुर्ची देते आणि विचारते, "तुम्हाला त्यात काय बघायचंय?"